आबांची गिरणी

गावातल्या कुठल्या घरी उद्या कसली भाकरी होणार, हे आदल्या संध्याकाळी ज्याला ठाऊक असतं असा गावात एकच माणूस असतो: गिरणीवाला. वाण्याला उधारी कळते, डॉक्टरला दुखणी कळतात, गिरणीवाल्याला चूल कळते. डब्यात गहू आलाय की शाळू, शाळूत मका किती मिसळलाय, मागच्या खेपेला गळ्यापर्यंत भरलेला डबा या खेपेला निम्म्यावर का आलाय, दरसाल दिवाळीला जिथून चकलीची भाजणी यायची तिथून यंदा का आली नाही. कुणी सांगावं लागत नाही. वरच्या पेटीत धान्य ओतलं की समजतं.

आमच्या आबांनी चाळीसहून जास्त वर्षं हे रोज पाहिलं आणि त्यातलं कधी कुणाजवळ काढलं नाही. आम्हा मुलांसमोर तर नाहीच, आईजवळसुद्धा फार थोडं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावी गेलं की लोक त्यांच्या कष्टांबद्दल बोलतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत पायांवर उभा माणूस, कधी खाडा नाही, कधी कुणाचं दळण उद्यावर टाकलं नाही. ते सगळं खरं आहे. पण मला लिहायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. इतक्या घरांचं इतकं काही माहीत असलेला माणूस ते कसं सांभाळतो, आणि ते सांभाळण्यासाठी गुपचूप काय काय करतो, त्याबद्दल.

आमचं गाव कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, वाठार स्टेशनच्या बाजूला. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो, पण तो पाऊस आमच्यापर्यंत येत नाही. खरिपाला बाजरी आणि घेवडा, रब्बीला शाळू, तोही परतीच्या पावसाने हात दिला तर. आजोबांची जिरायत जमीन चार भावांत वाटली गेली तेव्हा आबांच्या वाट्याला जे आलं त्यावर एक कुटुंब उभं राहणं शक्य नव्हतं. गावातले बरेच तरुण तेव्हा मुंबईला, गिरणगावात निघाले होते. आबांनीही ट्रंक भरली होती, असं आजी सांगायची. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची मागची भिंत तडकली, आजोबांनी हाय खाल्ली आणि धाकट्या मुलाला जाऊ दिलं नाही. पुढल्या वर्षी आजीची पुतळ्यांची माळ गहाण पडली आणि गावाच्या वेशीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमची गिरणी सुरू झाली. आबा तेव्हा पंचविशीत होते.

इंजिन जुनं घेतलं होतं, एका बागाईतदाराच्या विहिरीवरचं. कूपरचं. ते बनलं होतं आमच्याच तालुक्यात, जरंडेश्वराच्या डोंगराजवळ, सातारारोडच्या कारखान्यात. धनजीशा कूपर यांनी तो उभा केला आणि सुरुवातीच्या काळात कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्याबरोबर होते. आबांना या गोष्टीचं फार अप्रूप. ते सातवीपर्यंत शिकले ते रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत, म्हणजे भाऊरावांनी १९१९ साली काढलेल्या संस्थेत. शाळा आणि इंजिन, दोन्ही एकाच माणसाच्या पुण्याईने आपल्याला मिळालं, असं ते म्हणायचे. गिरणीत देवाच्या तसबिरीशेजारी अण्णांचा, म्हणजे भाऊरावांचा, पांढऱ्या दाढीचा फोटो शेवटपर्यंत होता. दर सकाळी दोघांनाही उदबत्ती.

त्या इंजिनाला हँडल मारायला छाती लागायची. जड चाक दोन-तीन वेळा गरगर फिरवून वेग आला की खटका पाडायचा, मग एक मोठा ठसका आणि धूर, आणि पुक-पुक-पुक सुरू. तो आवाज शिवारात दूरवर जायचा. रानात खुरपणाऱ्या बायका आवाज ऐकून सांगायच्या, गिरणी लागली. इंजिनापासून गिरणीपर्यंत लांब पट्टा धावायचा. तो घसरू नये म्हणून आबा त्याला अधूनमधून राळ लावत. पट्ट्याच्या कडेने त्यांनी पहिल्याच महिन्यात लाकडी कठडा घातला आणि त्याच्या आत त्यांच्याखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही, असा दंडक केला. आसपासच्या गावांत पट्ट्यात पदर सापडून, धोतराचा सोगा सापडून माणसं गेलेली त्यांना माहीत होती. एरवी आवाज न चढवणारे आबा कठड्याला कुणी हात लावला तर ओरडत.

आजीचा या गिरणीवर सर्वांत जास्त जीव होता, आणि त्याला कारण होतं. तिने लग्न झाल्यापासून रोज पहाटे चारला उठून पायलीभर ज्वारी जात्यावर दळली होती. बाळंतपणाचे दिवस सोडले तर एक दिवस चुकला नव्हता. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर वाचल्या आणि गावी जाऊन आजीला वाचून दाखवल्या. तिला त्यांतल्या बऱ्याच येत होत्या. काही तिने माझ्यापुढे जाऊन पुऱ्या केल्या. मी म्हटलं, गिरणी आली आणि हे सगळं गेलं, नाही का गं? ती म्हणाली, "ओव्या ग्वाड हुत्या, पर हात माझं हुतं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. जातं तिने टाकून मात्र दिलं नाही. डाळ भरडायला आणि लग्नाची हळद दळायला ते राहिलं. हळदीच्या जात्याला आंब्याची पानं बांधून सवाष्णींनी पाच मुठी दळायच्या आणि बाकीची हळद गिरणीत यायची. अशी हळद आली की आबा सकाळी पहिल्यांदा तीच घेत, आणि तिचे पैसे कधी घेत नसत.

दळण म्हणजे धान्य ओतलं आणि पीठ काढलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी चांगल्या गिरणीत तासभर उभं राहावं. आमच्याकडे कुरुंदाचे दोन दगड होते, एक स्थिर आणि एक फिरता. त्यांच्यातलं अंतर चाकाने कमी-जास्त करायचं. शाळूचं पीठ बारीक हवं, पण तापता कामा नये. पीठ तापलं की त्याची विरी जाते, मग बाई कितीही मळो, भाकरी थापताना तडकते आणि दोष तिच्या हाताला येतो. बेसन लाडवाला रवाळ आणि भज्यांना मऊ. पुरणपोळीला खपली गहू आला की तो सावकाश, कमी धान्य सोडत. मोदकाची पिठी आंबेमोहोराची असेल तर आधी दगड झाडून पुसून. एकादशीचं राजगिऱ्याचं, वरीचं पीठ असेल तर गिरणी उघडून ब्रशने साफ करूनच, कारण ज्वारीचा कण गेला तर कुणाचा उपास मोडेल. आबा खालच्या कापडी नळीतून पडणारं पीठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळत आणि चाक पाव आटा इकडे किंवा तिकडे फिरवत. मी त्यांना कधी पिठाकडे नीट बघताना पाहिलं नाही. डोळे समोरच्या माणसाकडे, काम अंगठ्याचं.

गुरुवारी गिरणी बंद असे, पण आबांना सुट्टी नसे. त्या दिवशी दगडांना टाकी लावायची. दगड झिजून गुळगुळीत झाला की तो धान्य कापत नाही, चिरडतो, आणि पीठ गरम होतं. म्हणून दगड उतरवून छिन्नी-हातोड्याने त्याला नव्याने खाचा पाडाव्या लागतात. मधोमध खोल, कडेला उथळ, आणि सगळ्या एका दिशेने तिरक्या. हे काम करणारे टाकारी पूर्वी गावोगाव फिरायचे. आबांनी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याकडून ते शिकून घेतलं आणि गुरू म्हणून दरवर्षी दसऱ्याला त्यांना धोतरजोडी दिली. टाकीच्या उडालेल्या कणांनी आबांच्या डाव्या मनगटावर काळे-निळे ठिपके कायमचे बसले होते. लहानपणी मला वाटायचं ते गोंदण आहे.

आता १९७२. त्या साली मी दोन वर्षांची होते, त्यामुळे हे सगळं आईकडून ऐकलेलं. पाऊस गेला, विहिरी तळाला गेल्या, शाळूचं पीक म्हणावं असं काही आलंच नाही. लोक दुष्काळी कामांवर गेले. कुणी खडी फोडली, कुणी पाझर तलावाची माती वाहिली. लहान मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, ती लालसर ज्वारी. आमच्याकडे मालदांडी शाळूची पांढरीशुभ्र भाकरी खाणारी माणसं. मोहोळला निवडून काढलेलं हे वाण इथल्या काळ्या रानात असं रुजलं होतं की लोकांना दुसरी चव माहीत नव्हती. त्यांना मिलोची लाल, फुटणारी भाकरी घशाखाली उतरेना. पण त्याहून अवघड गोष्ट वेगळी होती. गिरणीत बाक आत होता, यंत्रापासून चार हातांवर. दळण घेऊन आलेली माणसं त्यावर बसून गप्पा मारत, आणि पेटीत ओतलं जाणारं प्रत्येकाचं धान्य सगळ्यांना दिसे. चांगल्या दिवसांत त्यात काही वावगं नव्हतं. त्या वर्षी मात्र जी घरं कधी कुणाच्या दारात गेली नव्हती, ज्यांच्या वाड्यात पेवं होती, त्यांच्याही डब्यांतून मिलो येऊ लागला. माणसं डब्यावर फडकं बांधून आणत. काही बायका अंधार पडल्यावर येत. एक बाई सलग तीन दिवस आली आणि बाकावर माणसं आहेत हे बघून डबा न ठेवताच परत गेली. आबांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक उचलून बाहेर, कडुनिंबाखाली नेऊन ठेवला. कुणी विचारलं तर म्हणाले, "आत धूळ लई उडाय लागलीया, छातीत जाती." दाराशी एक फळी टाकली. डबा झाकणासकट फळीवर ठेवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. ओतणार आबा, भरणार आबा, झाकण लावून परत फळीवर ठेवणार आबा. कुणाच्या डब्यात काय होतं हे त्या दिवसापासून गावात फक्त त्यांना माहीत होतं. पुढे पाऊस आला, शाळू पिकला, पण बाक काही आत आला नाही. मी मोठी होईपर्यंत तो तिथेच होता, आणि आम्ही सगळे समजत होतो की आबांना खरोखरच धुळीची काळजी आहे. आईने मला खरं कारण सांगितलं ते माझ्या लग्नानंतर. तिलाही आबांनी सांगितलं नव्हतं. तीन दिवस परत गेलेल्या त्या बाईनेच पुढे कधीतरी तिला सांगितलं.

मला हे फार मोठं वाटतं. गरिबाला चार पसे धान्य देणारी माणसं असतात, त्यांचं मोल आहेच. पण माणसाची लाज झाकायची, तीही अशी की आपण ती झाकतोय हे त्याला कळू नये, याला फार वेगळी जात लागते. आणि हे करणारा माणूस स्वतः तेव्हा कर्जात होता. आजीची माळ अजून सावकाराच्या पेटीत होती. ती १९७५ च्या अक्षय्य तृतीयेला सुटली.

दळणाच्या वजनाच्या बाबतीतही त्यांची अशीच एक रीत होती. दहा किलो धान्याचं दहा किलो पीठ कधीच येत नाही. दळताना ओलावा उडतो, थोडं हवेत जातं, थोडं दगडात अडकतं. ही घट गिरणीवाल्याला माहीत, बायकांना माहीत, पण घरी बसलेल्या सासूला ती पटवून देणं कठीण. कितीतरी सुना पीठ चोरून माहेरी देतात म्हणून बोलणी खात. आबा जुन्या कॅलेंडरांची पानं कापून त्यांचे चौकोनी तुकडे गल्ल्यात ठेवत. नवी सून डबा घेऊन आली की न विचारता चिठ्ठी लिहीत: आलेलं इतकं, गेलेलं इतकं, घट इतकी, खाली सही. चिठ्ठी डब्याच्या झाकणाखाली. सासूला वाचता येत नसलं तरी घरातला शाळेत जाणारा पोरगा ती मोठ्याने वाचायचा, आणि विषय मिटायचा. काटा दरवर्षी वेळेवर तपासून त्याच्यावर शिक्का मारून घेतलेला असे. शिक्क्याची तारीख बाहेरून वाचता येईल अशी खडूने दारावर लिहिलेली.

एक प्रसंग भावाने डोळ्यांनी पाहिलेला. पेरणी उरकल्यावर एक गडी लहानशा पिशवीत ज्वारी घेऊन आला. धुऊन वाळवलेली होती, पण दाण्याच्या टोकाशी गुलाबी छटा राहिली होती. बियाण्याला औषध चोळतात त्याची. उरलेलं बियाणं धुऊन खायला काढलं होतं, याचा अर्थ घरात दुसरं काही नव्हतं. आबांनी दाणे हातावर घेतले, हुंगले आणि म्हणाले, "ह्यात किडा हाय, दगड बिघडंल माझा. हे पुरून टाक, कोंबड्यांस्नी बी घालू नगंस. तवर माझ्यातलं ने, फुडच्या खेपंला बघू." तेवढ्याच वजनाची आमच्या कणगीतली ज्वारी दळून त्याच्या पिशवीत भरली. भाऊ तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. घरी येऊन त्याने विचारलं, किडा कुठं होता? आबा म्हणाले, जेव.

गिरणीवाले म्हणून नाव आबांचं झालं, पण निम्मी गिरणी आईची होती, आणि हे लिहिलं नाही तर आबांनाच आवडणार नाही. १९८३ मध्ये त्यांनी शेजारी मिरचीचा डंक बसवला तो आईच्या सांगण्यावरून. आमच्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाची चटणी होते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, खसखस. डंकाचे लोखंडी दांडे आळीपाळीने आपटत ते कुटतात, आणि सगळा परिसर ठसकतो. आई तोंडाला ओला पंचा बांधून दोन महिने त्या ठसक्यात उभी असायची. कोणत्या घराला किती तिखट लागतं, कुणाकडे लसूण चालत नाही, कुणाचा मसाला काळा हवा, हे तिला तोंडपाठ. डंकाचे पैसे वेगळ्या डब्यात जात आणि त्यांना आबा हात लावत नसत. त्या डब्यातून आम्हा दोघी बहिणींच्या कॉलेजच्या फिया गेल्या.

त्यातली एक फी मला विसरता येत नाही. माझ्या बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी विजेची मोटर जळाली. गावात वीज आल्यावर, म्हणजे सत्तरीच्या दशकातच, आबांनी मोटर बसवली होती. कोयनेची वीज आमच्याच जिल्ह्यातल्या धरणाच्या पाण्यावर १९६२ पासून तयार होत होती, पण आमच्या गावच्या खांबांपर्यंत ती यायला एवढी वर्षं लागली. तर ती मोटर जळाली, आणि वाइंडिंगचा खर्च आणि माझी फी एकाच आठवड्यात आली. आबांनी शेडच्या मागे गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं कूपरचं इंजिन बाहेर काढलं, दोन रात्री बसून साफ केलं, आणि वर्षभर गिरणी त्याच्यावर चालवली. पन्नाशीला आलेल्या माणसाने रोज सकाळी ते चाक फिरवलं. मला पत्रात एवढंच लिहिलं होतं की इंजिन चालवल्याशिवाय ठेवलं की खराब होतं, म्हणून जरा चालवतोय. मी ते खरं मानलं. मुलीला एवढं शिकवून काय करणार, असं त्यांना विचारणारे पुष्कळ होते. त्यांना आबांनी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. ते फक्त विचारायचे, दळण बारीक पाहिजे का जाड?

घरी ते रात्री दहाच्या पुढे येत. भुवया, पापण्या, कानांवरचे केस पांढरे. आई बंबात पाणी ठेवून असायची. आंघोळ केली की पांढऱ्यातून काळा माणूस निघतो म्हणून आम्ही हसायचो आणि तेही हसत. जेवताना ते भाकरीचा पहिला तुकडा कोरडाच खात आणि सांगत, हा शाळू अमक्या रानाचा. दुपारी गिरणीत डबा जायचा, तो तीनच्या आधी कधी उघडला गेला नाही, कारण दुपारी बारा ते तीन शेतावर जाणाऱ्या बायकांची वेळ. पंढरीची वारी त्यांनी आयुष्यात एकदाच केली. भावाच्या हाती गिरणी दिल्यानंतर. तोवर त्यांचं म्हणणं, एकादशीच्या आधी वरीचं आणि राजगिऱ्याचं पीठ कोण दळणार?

पुढचा काळ सगळ्याच गिरण्यांना कठीण गेला. २००० नंतर पिशवीतलं गव्हाचं पीठ दुकानात येऊ लागलं, शहरांत घरघंटी आल्या, आणि नंतर भारनियमनाची वर्षं आली. दिवसातले कितीतरी तास वीज नाही. वीज कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. आबा साठीच्या पुढे होते. वीज येईल तेव्हा उठून गिरणी लावत, आणि अगदीच अडलं तर पुन्हा ते इंजिन. परिसरातल्या काही गिरण्या या काळात बंद झाल्या. आमची टिकली याचं कारण मी शोधत बसले तर मला धंद्याची हुशारी फारशी सापडत नाही. आबांनी कधी किमान वजनाची अट घातली नाही. दोन किलोच्या खाली दळत नाही, अशी पाटी सगळीकडे लागली तेव्हाही आमच्याकडे किलोभर, अर्धा किलो दळण यायचं आणि घेतलं जायचं. रोजंदारीवर जगणारी माणसं रोजच्यापुरतंच धान्य आणतात. त्यांना दोन किलोची पाटी म्हणजे दार बंदच की. ती माणसं आमच्याशी बांधलेली राहिली.

छाती मात्र गेली. धूळ लई उडतीया असं ते १९७२ साली लोकांना सांगत होते, त्या धुळीत ते स्वतः उभे होते. आधी हिवाळ्यातला खोकला, मग जिना चढताना धाप, मग रात्री बसून झोपणं. डॉक्टरांनी गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. मग ते बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसू लागले, आणि तिथून आवाजावरून भावाला सांगत: दगड लागतोय, अंतर वाढव. टाकीला आलाय, गुरुवारची वाट बघू नको. बायका दळण ठेवून त्यांच्याजवळ बसत आणि मनातलं बोलत. आता मला कळतं की त्या निर्धास्त बोलत, कारण या माणसाच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, हा त्यांच्या तीन पिढ्यांचा अनुभव होता. २०१६ च्या श्रावणात ते गेले. त्या दिवशी भावाने गिरणी बंद ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईने स्वतः त्याला सांगितलं की सणाचे दिवस आहेत, लोकांची दळणं अडली असतील, चुलत्याला बसव पण गिरणी लाव.

त्यांच्या जाण्याचा सल मला आहे तो असा की मी त्यांना कधी विचारलं नाही, तुम्हाला जड गेलं नाही का, एवढं सगळं एकट्याने माहीत असणं? कुणाच्या घरची उपासमार, कुणाकडे आलेली परतलेली लेक, कुणाच्या भावाभावांत वेगळे झालेले डबे. एका घरातून एकाऐवजी दोन डबे येऊ लागले की वाटणी झाली, हे वाटणीच्या कागदाआधी त्यांना कळत असे. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, असं भाऊ म्हणतो. असेल तसं. पण मी शहरात राहते, जिथे प्रत्येकाला दुसऱ्याची बातमी आधी सांगायची घाई आहे, आणि मला रोज त्या पत्र्याच्या शेडमधल्या माणसाची आठवण येते, ज्याच्याजवळ गावातली सर्वांत खरी बातमी रोज पिशव्या-डब्यांतून येत होती आणि तिथेच पिठाबरोबर बांधून परत जात होती.

भाऊ गिरणी चालवतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोक त्याच्याकडे ज्वारी-बाजरी-नाचणीचं पीठ मागू लागले आहेत. शाळूचं आणि नाचणीचं पीठ तो पाठवतो, पाकिटावर दळल्याची तारीख हाताने लिहून. एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचं कुणाला देत नाही. बाजरीचं पीठ मात्र तो पाठवतच नाही, कारण ते आठ-दहा दिवसांत कडू होतं आणि वाटेत किती दिवस जातील याचा भरवसा नाही. बाजरी मागणाऱ्यांना तो नुसती बाजरी पाठवतो आणि फोनवर सांगतो, तुमच्या जवळपास कुठली गिरणी चालू असेल तिथे आठवड्यापुरती दळून घ्या. यात धंदा बुडतो असं त्याचा मुलगा म्हणतो. दोघांचं यावर अजून चाललंय.